एका गालाचा घाम

डॉक्टरांनी माझ्या डाव्या गालावर आयोडीन लावलं. कानाच्या पुढून थेट जबड्यापर्यंत. ते वाळल्यावर नर्सने त्यावर पांढरी पूड भुरभुरली. मक्याच्या पिठासारखी दिसणारी ती स्टार्चची पूड होती. मग माझ्या हातात लिंबाची फोड दिली.

"चावा. मी सांगेपर्यंत चावत राहा," डॉक्टर म्हणाल्या.

दोन-तीन मिनिटांत गालावर ती ओळखीची ओल जाणवली. सवयीने माझा हात खिशातल्या रुमालाकडे गेला. डॉक्टरांनी माझं मनगट धरलं. "पुसू नका. तेच तर बघायचंय."

त्यांनी आरसा समोर धरला. माझ्या डाव्या गालावर निळे-काळे ठिपके उमटले होते आणि बघता बघता ते एकमेकांत मिसळून मोठा डाग होत होता. उजवा गाल कोरडा ठणठणीत.

"जिथे घाम फुटला तिथे रंग बदलला. या तपासणीला मायनर टेस्ट म्हणतात. आणि तुम्हाला जे झालंय त्याला म्हणतात फ्रेज सिंड्रोम. पॅरोटिडच्या ऑपरेशननंतर बऱ्याच जणांना होतं. किती दिवसांपासून आहे?"

"दीड वर्ष," मी म्हणालो.

"दीड वर्ष! मग आधी का नाही आलात?"

दारापाशी माझी बायको सुनंदा उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि नजर वळवली. आजाराला नाव मिळालं की माणसाला हायसं वाटतं म्हणतात. मला तसं काही वाटलं नाही. मला लाज वाटली. कारण डॉक्टरांच्या प्रश्नाचं खरं उत्तर मी त्यांना देऊ शकत नव्हतो.

ते उत्तर इथे लिहितो. आपल्याला असं काही होत असेल आणि आपणही माझ्यासारखेच लपवत असाल, तर हे वाचून कदाचित लवकर दवाखान्यात जाल.

मी राहुरी तालुक्यातल्या एका छोट्या गावात जिल्हा परिषदेच्या शाळेवर मुख्याध्यापक आहे. वय बावन्न. चार वर्षांपूर्वी माझ्या डाव्या कानापुढे बोराएवढी गाठ आली. दुखत नव्हती, पण वाढत होती. नगरला तपासलं. सुईने नमुना काढून पाहिला, त्याला एफएनएसी म्हणतात. गाठ साधी निघाली, कॅन्सरची नव्हती. पण ती पॅरोटिड ग्रंथीत होती. ही कानापुढची लाळेची मोठी ग्रंथी. गाठ काढणं भाग होतं.

ऑपरेशनच्या आधी सर्जननी समजावून सांगितलं होतं. तोंड वाकडं होण्याचा थोडा धोका असतो, कानाची पाळी बधिर होते, आणि पुढे जेवताना गालावर घाम येऊ शकतो. मी फक्त तोंड वाकडं होण्याचं ऐकलं. बाकीचं कानावरून गेलं. सही केली.

ऑपरेशन चांगलं झालं. तोंड वाकडं झालं नाही. गावातले लोक भेटायला आले, नारळपाणी, मोसंबी घेऊन. आठ-नऊ महिने सगळं ठीक होतं.

मग राहुरीत एका नातेवाइकाकडे साखरपुडा होता. आम्ही पंगतीत बसलो होतो. झणझणीत आमटी होती, लिंबू होतं, कैरीचं लोणचं होतं. चार घास खाल्ले असतील, शेजारचे एक गृहस्थ म्हणाले, "सर, तुम्हाला एकाच गालाला घाम येतोय."

मी हात लावला. गाल चिंब होता आणि गरम झाला होता. रुमालाने पुसला. पुन्हा ओला. समोरून कोणी तरी म्हणालं, "लाल पण झालाय बघा. अंगावरून वारं गेल्याचं लक्षण आहे का काय?" दुसऱ्याने फॅन माझ्याकडे वळवला. सगळी पंगत बघायला लागली. तेवढ्यात जबड्यावरून एक थेंब ओघळला आणि माझ्या ताटात भातावर पडला. माझ्या डाव्या हाताला नवरीच्या मावशी बसल्या होत्या. त्यांनी आपलं ताट हळूच पलीकडे सरकवलं.

त्यांची काही चूक नव्हती. त्यांच्या जागी मीही तेच केलं असतं. पण ते ताट सरकल्याचा आवाज मी अजून विसरलेलो नाही.

त्यानंतर माझ्या लक्षात आलं की हे दर जेवणाला होतं. आंबट आणि तिखट असलं की जास्त. पुढे पुढे तर नुसत्या फोडणीच्या वासानेही गाल ओलसर व्हायचा. घरी मी भिंतीकडे तोंड करून जेवू लागलो. सुनंदा विचारायची, "अहो, दाखवून या ना एकदा." मी म्हणायचो, उन्हाळा आहे, होईल कमी.

शाळेत मुलांच्या खिचडीची चव आधी शिक्षकाने घ्यायची असते आणि तसं नोंदवहीत लिहायचं असतं. खिचडी शिजवणाऱ्या कावेरीबाई वाटी घेऊन यायच्या आणि समोर उभ्या राहायच्या. एकदा त्या घाबरून म्हणाल्या, "सर, मिर्ची लई झाली का? तुमाला कसला घाम फुटलाय." दुसऱ्या दिवसापासून मी वाटी टेबलावर ठेवायला सांगू लागलो. त्या गेल्या की खिचडी डब्यात ओतायची आणि वहीत लिहायचं, 'चव चांगली.' पाच-सहा महिने मी न चाखता हे लिहिलं. मुलांना रोज खरं बोलायला शिकवणारा माणूस मी.

याच सुमारास सर्जनकडे फेरतपासणीला गेलो होतो. त्यांनी जखमेचा वण पाहिला आणि स्पष्ट विचारलं, "जेवताना गालाला घाम वगैरे येतो का?"

मी म्हणालो, "नाही."

का म्हणालो, मला आजही धड सांगता येत नाही. बाहेर ओळखीचे दोन पालक बसले होते, दार अर्धवट उघडं होतं, एवढं आठवतं. त्या एका 'नाही'ने माझे पुढचे दहा-अकरा महिने खाल्ले.

खरी लाजेची गोष्ट यानंतर सुरू होते.

एका सहकाऱ्याचा सेवापूर्तीचा कार्यक्रम होता. नंतर जेवण. केंद्रप्रमुख, सरपंच, सगळे हजर. ताट समोर आलं. तो शनिवार होता. माझ्या तोंडून निघून गेलं, "माझा उपवास आहे. शनिवार धरलाय."

"वा सर! काही फराळाचं सांगू का?"

"नाही नाही, कडक असतो."

इतकं सोपं होतं ते. कोणी आग्रह केला नाही, कोणी गालाकडे पाहिलं नाही. उलट सरपंचांनी हात जोडले. घरी येऊन मी पोटभर भाकरी खाल्ली.

मग गुरुवारच्या जेवणाला गुरुवार धरला. आमच्या भागात शिर्डीही जवळ आणि शिंगणापूरही, त्यामुळे दोन्ही वारांना कोणी शंका घेत नाही. बाकीच्या दिवशी म्हणायचं, एकभुक्त आहे, सकाळीच झालं. लग्न, बारसं, वास्तुशांत, कुठेही मी पाण्याच्या ग्लासावर निभावून न्यायचो. सहा-आठ महिन्यांत माझं नाव झालं. "आमच्या सरांसारखा संयम नाही कोणाकडे," असं लोक माझ्यासमोर पाहुण्यांना सांगायचे.

सुनंदा एकटीच खरं जाणत होती. ती एकदा म्हणाली, "देवाच्या नावावर खपवताय हे. मला भीती वाटते." मी तिच्यावर ओरडलो.

मारुतीच्या देवळाच्या उत्सवात गावाने माझा सत्कार केला. शाल, नारळ. दोन शब्द बोला म्हणाले. मी जिभेवर ताबा कसा ठेवावा यावर दहा मिनिटं बोललो. टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेत माझी थोरली बहीण बसली होती. आम्ही तिला आक्का म्हणतो. तिचं सासर पाथर्डीकडे, कोरडवाहू भागात. भावजी गेल्यापासून तिनेच घर आणि शेती सांभाळली. ती मुद्दाम एसटीने आली होती. डोळ्यांना पदर लावून ती शेजारणीला सांगत होती, "माझा धाकटा भाऊ हाय त्यो."

आक्काला दहा वर्षांपासून शुगर आहे. रोज सकाळी गोळी चालू.

श्रावणातल्या एका शनिवारी दुपारी भाच्याचा, संतोषचा फोन आला. आक्का शिंगणापूरला दर्शनाच्या रांगेत पडली होती. आधी हातपाय कापू लागले, सगळं अंग घामाने भिजलं, काहीबाही बोलायला लागली आणि मग कोसळली. लोकांनी उचलून गाडीत घातलं आणि जवळच्या दवाखान्यात नेलं. शुगर फार खाली गेली होती. शिरेतून ग्लुकोज चढवलं.

मी पोचलो तेव्हा ती डोळे मिटून पडली होती. तिथले डॉक्टर संतोषला रागावत होते. "शुगरची गोळी घ्यायची आणि दिवसभर काही खायचं नाही, पाणी नाही? अजून अर्धा तास उशीर झाला असता तर मेंदूवर परिणाम झाला असता. उपवास करायचा तर आम्हाला विचारून करा. कोणी सांगितलं यांना हे?"

संतोष माझ्याकडे वळला. त्याच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. "मामा, तुमचं बघून धरला तिनं शनिवार. आमी लई सांगितलं. ती म्हनली, दत्तू करतोय तर मला काय हुतंय."

मी पॅसेजमधल्या बाकावर जाऊन बसलो. समोरच्या भिंतीवर लसीकरणाचा तक्ता होता. तो मी पुन्हा पुन्हा वाचत राहिलो. सुनंदा आली, शेजारी बसली. ती हळू आवाजात म्हणाली, "आता तरी सांगा. तुम्ही नाही सांगितलं तर मी सांगेन."

मी म्हणालो, "आधी दवाखान्यात जाऊन येतो. मग सांगतो."

तीही एक पळवाटच होती. पण तिच्यामुळे का होईना, पुढच्या आठवड्यात मी नगरला त्वचारोगाच्या डॉक्टरांसमोर बसलो आणि त्यांनी माझ्या गालावर आयोडीन लावलं.

त्यांनी जे समजावलं ते सोप्या शब्दांत सांगतो. पॅरोटिड ग्रंथीला लाळ सोडायचा निरोप पोचवणाऱ्या बारीक नसा असतात. गाठ काढताना त्या तुटतात. पुढे काही महिन्यांत त्या पुन्हा वाढतात, पण चुकीच्या ठिकाणी जाऊन जोडल्या जातात, म्हणजे कातडीतल्या घामाच्या ग्रंथींना. मग जेवताना लाळ सुटण्याचा निरोप निघाला की गालावर घाम सुटतो आणि कातडी लाल होते. जिवाला धोका काही नाही. हा संसर्ग नाही, एकाचा दुसऱ्याला होत नाही.

मी विचारलं, "चेहऱ्याला घाम येतो तो सगळा हाच का?"

"अजिबात नाही. म्हणून तर अंदाजाने काही लावत बसू नये. तिखट खाल्ल्यावर सगळ्यांनाच थोडा येतो, तो आजार नाही. दोन्ही बाजूंना, कपाळाला, डोक्याला सतत धो धो येत असेल तर त्याला क्रेनिओफेशियल हायपरहायड्रोसिस म्हणतात, म्हणजे चेहऱ्याचा आणि डोक्याचा अति घाम. काहींच्या घरात ते पिढ्यान्‌पिढ्या असतं. थायरॉइड वाढलेलं असलं तरी येतो, पाळी जाण्याच्या वयात येतो, काही गोळ्यांनी येतो. बरीच वर्षं शुगर असलेल्यांना जेवताना दोन्ही गालांना येऊ शकतो. आणि छातीत दुखून एकदम गार घाम फुटला तर माझ्याकडे नाही, थेट हॉस्पिटलला जायचं."

त्यांनी माझी शुगर आणि थायरॉइड तपासायला सांगितलं. दोन्ही ठीक आलं.

उपचार टप्प्याटप्प्याने झाले. आधी अॅल्युमिनियम क्लोराइडचं औषध दिलं. ते झोपताना कोरड्या गालावर लावायचं आणि सकाळी धुवायचं. घामाच्या ग्रंथींची तोंडं त्याने तात्पुरती बंद होतात. मला थोडा फरक पडला, पण कातडी जळजळायला लागली. ग्लायकोपायरोलेट नावाचं एक मलमही असतं, ते नसांचा निरोप अडवतं. पण मला काचबिंदूची सुरुवात असल्याने डॉक्टरांनी ते टाळलं. म्हणून आपल्याला दुसरं काय काय आहे हे डॉक्टरांना आधी सांगावं. शेवटी बोटॉक्सचं ठरलं. ते म्हणजे बोट्युलिनम टॉक्सिन. अगदी थोड्या मात्रेत कातडीत टोचलं की घामाच्या ग्रंथींना निरोप पोचत नाही. परिणाम काही महिने टिकतो, मग पुन्हा घ्यावं लागतं.

इंजेक्शनची तारीख पुढच्या सोमवारी होती. मी ठरवलं, आक्काकडे त्याच्या आधी जायचं. घाम येत असतानाच.

रविवारी मी एकटाच गेलो. आक्का ओसरीवर शेंगा निवडत बसली होती. तोंड उतरलेलं, पण हिंडती-फिरती. तिने शेंगोळे केले होते. हुलग्याच्या पिठाचे, लसूण-मिरचीच्या रस्स्यातले. लहानपणापासून माझ्या आवडीचे. ताट वाढून ती म्हणाली, "आज तुजा कोन्ता वार न्हाई ना?"

मी म्हणालो, "आक्का, तू समोर बस."

मी खायला सुरुवात केली. रुमाल खिशातच ठेवला. गाल तापला, घाम फुटला, हनुवटीवरून ओघळून सदऱ्यावर पडायला लागला. आक्का बघत राहिली.

"काय हुतंय रं तुला? दत्तू?"

मग मी सगळं सांगितलं. साखरपुडा, ताट सरकवलेलं, सर्जनला नाही म्हणालो ते, पहिला खोटा शनिवार, सत्काराचं भाषण. तिला कळेल अशा शब्दांत सांगितलं.

माझं संपल्यावर तिने विचारलं, "म्हंजी तू एक बी उपास क्येला न्हाईस?"

"नाही."

"घरी जाऊन जेवत हुतास?"

"हो."

"आन्‌ मी त्या रांगंत पानी बी पीत नव्हते. संतोषची पोरगी म्हनत हुती, आज्जी, घोटभर घे. मी म्हनलं, माझा भाऊ न्हाई घेत." तिचा आवाज चढला नाही. "घाम आला तर आला असता रं. त्यानं काय हुतंय? पर मी मेले असते, दत्तू."

ती उठली आणि गोठ्याकडे निघून गेली. मी ताटासमोर बसून राहिलो. संतोषच्या बायकोने विचारलं, "मामा, वाढू का अजून?" मी नको म्हणालो. निघताना आक्का गोठ्यातच होती. मी हाक मारली. तिने मागे वळून पाहिलं नाही. म्हशीच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

दुसऱ्या दिवशी इंजेक्शन घेतलं. तपासणीत ठिपक्यांचा डाग उमटला होता तेवढ्या जागेवर पेनाने चौकटी आखल्या आणि प्रत्येक चौकटीत बारीक सुई टोचली. पंचवीस-तीस वेळा तरी. आधी बधिर करणारं मलम लावलं होतं, तरी कानाजवळ चांगलं झोंबलं. नंतर दोन दिवस हसताना ओठाचा कोपरा किंचित जड वाटला, मग गेलं. आठ दिवसांनी घाम जवळजवळ थांबला. आंबट वरण खाल्लं, गाल कोरडा. सुनंदाने स्वतः हात लावून पाहिला आणि तिला रडू आलं.

मला मात्र आनंद करता येत नव्हता. आक्काचा फोन नव्हता. मी केला तर संतोष उचलायचा.

शाळेत कावेरीबाईंना मी खरं सांगितलं आणि त्यांच्यासमोर वाटीतली खिचडी खाल्ली. त्या म्हणाल्या, "मंग मला आदीच सांगायचं ना सर, मी तिकडं त्वांड केलं असतं." देवळाच्या मंडळींनाही सांगितलं. सरपंच आधी हसले, मग दुसरीकडे बघू लागले. एक जण म्हणाला, "जाऊ द्या सर, लोकांसमोर नका काढू आता." मी पारावर सगळ्यांसमोर काढलं. त्यानंतर काही लोक मला नमस्कार करताना जरा कमी वाकतात. ते बरोबरच आहे. काही पालक तर बोलेनासेच झाले, आणि तेही मला सोसलं पाहिजे.

दोन-अडीच आठवड्यांनी एका सकाळी आक्काचा फोन आला. मी "हॅलो" म्हणालो.

"इंजेक्शान दुकलं का?" तिने विचारलं.

"थोडं."

"बरं झालं," ती म्हणाली, आणि फोन ठेवला.

मी आत जाऊन सुनंदाला सांगितलं, आक्काचा फोन आला.

बोटॉक्सचा परिणाम माझ्या बाबतीत वर्षभर टिकला. यंदा दिवाळीच्या आसपास गाल पुन्हा ओलसर व्हायला लागला. दुसरं इंजेक्शन आता घ्यायचं आहे. हे आयुष्यभर असंच चालेल कदाचित. डॉक्टर बाईंचे, त्या नर्सचे, आणि शिंगणापूरच्या रांगेत आक्काला उचलणाऱ्या त्या अनोळखी लोकांचे उपकार मी मानतो. त्या लोकांना मी कधी भेटूही शकणार नाही.

आपल्याला असा घाम येत असेल तर एवढंच सांगतो. तो घाम कोणाचं काही बिघडवत नाही. मी तो लपवण्यासाठी जे केलं त्याने मात्र बिघडवलं. घामाची लाज आता मला वाटत नाही. दुसरी लाज आहे, तिच्यावर औषध नाही आणि असूही नये.

यंदा भाऊबीजेला आक्काकडे गेलो. तिच्या सासरचे दीर, जावा, त्यांचे जावई, बरीच मंडळी होती. पंगत बसली. वाटीत गुळवणी, ताटात लोणचं, भजी. मी कोपऱ्यातली जागा शोधत होतो. आक्काने दंडाला धरून मला मधोमध बसवलं. वाढून झाल्यावर ती पंगतीसमोर उभी राहिली, कमरेवर हात ठेवले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"ह्यो माझा भाऊ. जेवताना ह्याच्या एका गालाला घाम येतो. त्याचं आपरेशन झालंय, म्हनून. काय बघायचं त्ये आत्ताच बघून घ्या, आन्‌ मंग गुमान जेवा."

सगळ्यांनी पाहिलं. कोणी तरी हसलं, मग मीही हसलो. आक्का हसली नाही. तिने माझ्या ताटात आणखी एक पोळी वाढली आणि पुढच्या माणसाकडे गेली.